गल्लीतला डंक बंद पडला तर नेमकं काय काय बंद पडतं?

तिकटीकर | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मिरजकर तिकटीपास्नं आत वळलं की आमच्या गल्लीच्या तोंडालाच चटणी कुटायचा डंक (मुसळांचं मशीन) आहे. मला कळतंय तेव्हापासनं आहे, म्हणजे चाळीसेक वर्षं धरा. फेब्रुवारी संपत आली की गल्लीत शिरल्या शिरल्या ठसका लागायचा आणि उन्हाळा आला हे आम्हाला कॅलेंडर बघायच्या आधी नाकाला कळायचं. परवा मी पाच किलोचं साहित्य भाजून घेऊन गेले तर काकी म्हणाल्या, "हे शेवटचं साल बाई. ह्यांचे गुडघे गेले, पोरगं बेंगळुरात, आता त्या खकाण्यात दिवसभर बसणार कोण."

घरी येऊन सांगितलं तर पोरगं म्हणालं, मग काय झालं आई, पाकिटातली मिळते की. आणि खरं सांगते मला पटकन उत्तरच देता आलं नाही. चव वेगळी, मिक्सरात गरम होऊन वास उडतो, हे सगळं सांगून झालं पण तो म्हणाला ती तुझी सवय आहे.

रात्री झोप येईना म्हणून मोजत बसले. आमच्या गल्लीत दोन आज्ज्या आहेत, त्या सीझनला किलोवर मिरचीचे देठ खुडून देतात, त्यावर त्यांच्या औषधपाण्याचं निघतं. लक्ष्मीपुरीत ज्याच्याकडनं आम्ही ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची घेतो तो माणूस. खोबरं, तीळ, धणे देणारा आमचा वाणी. पोती घेऊन येणारा रिक्षावाला. आणि मागच्या बोळातल्या चार बायका, कांदा-लसूण चटणी करून मुंबई-पुण्याला पाठवतात, त्यातल्या एकीनं त्याच पैशात पोरीचं डी.फार्म केलं. डंक एकच, पण त्याच्या आवाजावर किती घरं उठतात हे मी ह्या वयात पहिल्यांदा मोजलं.

तर प्रश्न असा की असले छोटे धंदे गावाला खरंच लागतात का, का आपण नुसतं आपलं लहानपण धरून बसलोय? तुमच्या भागात असं काही बंद पडलं असेल तर त्यानंतर काय झालं ते सांगा. आठवणी सांगा की, पण जमलं तर हिशेबही सांगा, मला पोराला उत्तर द्यायचंय.

नववी_गल्ली | शनिवार, रात्री ९.५८

चांगला धागा. आमच्या राजारामपुरीत पिको-फॉलवाल्या वहिनींनी दुकान बंद केलं. तेव्हापासनं नुसत्या फॉलसाठी गाडी काढून, पार्किंग शोधून, दोन फेऱ्या. आणि त्या वहिनींकडं माझी चावी असायची, पोरं शाळेतनं आली की तिथंच बसायची. त्याचे पैसे मी कधी दिले नव्हते, त्यांनी कधी मागितले नव्हते.

पेठेतला_राम | शनिवार, रात्री १०.०५

पाच किलो चटणी म्हणजे घरात माणसं किती?? आमच्यात दोन किलोत साल निघतंय. बाकी डंक पायजेच. मिसळीच्या कटाला पाकिटातली चटणी टाकलेली ओळखू येत्या भावांनो, रंग येतो पण जिभेला काय लागत न्हाई.

कास्टिंगवाला | शनिवार, रात्री ११.२०

ताई तुमचा प्रश्न आमच्या उद्यमनगरचाच (छोट्या कारखान्यांच्या भागाचा) प्रश्न आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

आमच्या वडिलांचे उद्यमनगरात दोन लेथ होते, आता शिरोलीत आमचं छोटं मशिनशॉप आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं कोल्हापूरला फौंड्र्या आहेत म्हणजे मोठमोठे कारखाने. तसं नाही. एक पंपाचं केसिंग करायचं म्हटलं तर आधी पॅटर्नवाला लाकडाचा पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना करतो, मग कोअर, मोल्डिंग, ओतकाम, फेटलिंग (कडा घासून साफ करणं), मग लेथ, ड्रिल, ग्राइंडिंग, शेवटी रंग, आणि ह्यातलं एकेक काम एकेका शेडमध्ये होतं, पत्र्याची शेड, आत तीन-चार माणसं. वडील सायकलच्या कॅरेजवर कास्टिंग बांधून ह्या शेडमधनं त्या शेडमध्ये न्यायचे. वर मोठ्या कंपनीचं नाव असतं पण खाली अशा दहा शेडचा हात लागलेला असतो.

हे सगळं उभं कशावर राहिलं? शेतीवर. ऊस आला, उसाला पाणी उपसायला ऑईल इंजिन लागलं, गुऱ्हाळाचा चरक फिरवायला इंजिन लागलं, ती दुरुस्त करता करता इथल्या मिस्त्रींनी स्वतः करायला घेतली. वाय. पी. पोवार, म्हादबा मेस्त्री ही नावं आमच्याकडं देवासारखी घेतात ती त्याचसाठी. एकाकडं शिकलेला गडी पाच-सात वर्षांनी शेजारी स्वतःची शेड टाकायचा. माझे वडील तसेच, आणि वडिलांकडं शिकलेले दोघं आज माझ्यापेक्षा मोठे आहेत.

आता मुद्द्यावर. आमचा पॅटर्नवाला चार वर्षांपूर्वी थांबला. वय झालं, पोरांनी नोकऱ्या धरल्या. तोपर्यंत कधी जाणवलं नव्हतं. कस्टमरनं सांगितलं की ह्या बाजूला दोन मिलिमीटर वाढवा, तर सकाळी पॅटर्न त्याच्याकडं टाकायचा, संध्याकाळी चहाच्या वेळेला तयार. आता तेच काम आठ दिवस घेतंय कारण जो आहे त्याच्याकडं सगळ्यांची रांग आहे. आठ दिवस कस्टमरला परवडत नाहीत. आमची एक चांगली चालू ऑर्डर त्यापायी राजकोटला गेली. एक म्हातारा माणूस घरी बसला आणि आमच्याकडचं दोन माणसांचं काम गेलं. हा हिशेब तुमच्या पोराला सांगा.

पुण्यातला_कोल्हापूरकर | रविवार, सकाळी ८.१५

सगळ्यांचा मान ठेवून थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका.

मी दहावीनंतर महाद्वार रोडला एका दुकानात कामाला होतो. नाव घेत नाही. सकाळी साडेनऊ ते रात्री साडेनऊ, उभं राहून. पगार हातात, तोही महिन्याच्या दहा-बारा तारखेला, मागितल्यावर. दिवाळीला एक शर्टपीस. एकदा स्टूलवरनं पडून हात मोडला तर दीड महिना घरी, पगार शून्य, आणि परत गेलो तेव्हा माझ्या जागी दुसरा पोरगा. कायदा बघायला गेलं तर पीएफ २० माणसांपासनं, ईएसआय (कामगारांचा आजारपणाचा विमा) १० माणसांपासनं. चार-पाच पोरांचं दुकान ह्या दोन्हीत बसतच नाही. आज पुण्यात मोठ्या कंपनीत आहे, पीएफ आहे, आईचं ऑपरेशन विम्यात झालं.

आणि उधारी. उधारीचं कौतुक फार होतं. आमच्या घरी पैसे थकले की वाणी भर दुकानात मोठ्यानं आकडा सांगायचा. आई मान खाली घालून यायची. मॉलमध्ये कुणी कुणाला ओळखत नाही ते मला म्हणून बरं वाटतं. छोटा धंदा आहे म्हणून तो आपोआप चांगला, हे मी मानत नाही.

नववी_गल्ली | रविवार, सकाळी ८.३१

वाचून वाईट वाटलं. आईंचं ते मान खाली घालून येणं डोळ्यासमोर आलं.

शाहूपुरी_कुंभारगल्ली | रविवार, सकाळी ९.५०

@पुण्यातला, तुझं सगळं खरं मानते दादा. आमच्याकडचं वेगळं घडलेलं सांगते, तुला खोडून काढायला नाही.

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, म्हणजे पुण्याकडनं गावात काही येणं बंद. दूध नाही, भाजी नाही, पेट्रोलला रांगा. मोठ्या दुकानातले रॅक एका दिवसात रिकामे झाले आणि मग शटर खाली, कारण त्यांचा माल बाहेरच्या गोडाऊनमधनं येतो आणि ट्रक हायवेला अडकलेले. त्यात त्यांची चूक काही नाही.

आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्यानं पाणी चढायला लागल्यावर रात्रीच पोती माळ्यावर टाकली होती. दुसऱ्या दिवसापासनं तो वरच्या खिडकीतनं पिशवी सोडून द्यायचा. तांदूळ, काड्यापेटी, मेणबत्त्या, लहान मुलांचं बिस्किट. आधी ज्यांच्या घरात बाळं आणि म्हातारी माणसं आहेत त्यांना, कारण कुठल्या घरात कोण आहे हे त्याला पाठ होतं. वहीत लिहून घेतलं, भाव एक रुपयानं चढवला नाही.

आणि आमचा धंदा. आम्ही कुंभार. त्या साली गणपती २ सप्टेंबरला, म्हणजे मूर्ती अर्ध्या रंगवून झालेल्या आणि घरात पाणी. ज्या उचलता आल्या त्या उचलल्या, बाकीच्यांची माती झाली, अक्षरशः. कर्ज काढून घेतलेलं सामान. तेव्हा पेठेतल्या मंडळांनी आणि नेहमीच्या घरांनी काय केलं, बुकिंगचे पैसे परत मागितले नाहीत, उलट पुढच्या सालचे आगाऊ आणून दिले. दोन-दोन, पाच-पाच हजार. जुलै २०२१ ला परत पाणी आलं तेव्हाही. ते पैसे आले नसते तर माझा भाऊ आज एमआयडीसीत हेल्पर असता आणि तुमचा गणपती बाहेरनं टेम्पोनं आला असता.

पेठेतला_राम | रविवार, सकाळी १०.०२

आमच्या मंडळानं दिलेले. आणि त्या साली मूर्ती लहान बसवली, कुणी एक शब्द बोललं न्हाई.

हिशेबनीस | रविवार, दुपारी १२.४०

ताईंनी हिशेब मागितलाय, माझा धंदाच तो आहे, तर लिहितो.

"छोटा धंदा" म्हणताना सरकारी व्याख्या फार मोठी आहे हे आधी लक्षात घ्या. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योग म्हणजे गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत. लघु म्हणजे २५ कोटी आणि १०० कोटी. डंकवाल्या काकी आणि ९ कोटी उलाढालीचा कारखाना एकाच रकान्यात. म्हणून बातमीत लघुउद्योगांना इतकं दिलं तितकं दिलं असं येतं तेव्हा त्यातलं गल्लीपर्यंत काय पोचतं ते वेगळं बघावं लागतं.

आता पैसा गावात राहतो का हा मुद्दा. इथं एक गोष्ट आपण सगळेच विसरतो. मी वाण्याकडनं १००० रुपयांचं सामान घेतलं तर त्यातला बहुतेक पैसा तेलवाल्या कंपनीला, साबणवाल्या कंपनीला जाणार, दुकान गल्लीतलं असो नाहीतर मॉल. गावात राहतं ते त्याचं मार्जिन, हमाली, टेम्पोभाडं, गाळ्याचं भाडं. हजारात शे-सव्वाशे धरा. हा आकडा अभ्यासातला नाही, माझ्याकडच्या क्लायंटच्या वह्या बघून बोलतोय.

डंकाचं उलट आहे. तिथं मिरची तुमची, मसाला तुमचा, काकी देतात ते श्रम. त्यांना दिलेल्या शंभरातनं वीजबिल आणि देखभाल वजा केली की बाकी सगळं पेठेतच. त्यातनं त्या दूध घेणार, रिक्षा करणार, भिशी भरणार. शिंपी, सायकलदुरुस्ती, चप्पल शिवणारा, पॅटर्नवाला, सगळे ह्याच जातीचे धंदे. म्हणून माझं मत असं की सगळ्या छोट्या धंद्यांना एका तागडीत घालू नका. जिथं हाताचं काम विकलं जातं तो धंदा गेला तर गावाचं नुकसान जास्त, आणि नेमके तेच आधी जातायत कारण त्यांचे दर वाढवायला आपण तयार नसतो.

पुण्यातल्या मित्राचं पगाराबद्दलचं म्हणणं पूर्ण मान्य. ज्या धंद्यात मार्जिनच नाही तिथं पहिला घाव नोकराच्या पगारावर बसतो. हे समर्थन नाही, कारण सांगतोय.

पायताण | रविवार, दुपारी ३.१५

हिशेबनीस साहेबांनी हाताचं काम म्हटलं म्हणून लिहायचं धाडस करतोय. आमचं चप्पल लाईनला दुकान नाही, आम्ही करून देणारे.

जून २०२५ ला मिलानमधे प्राडाच्या शोमधे आपल्या चपलेसारखी चप्पल दिसली आणि नुसतं लेदर सँडल म्हणून दाखवली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला राग आला. नंतर कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा इथली आहे. त्या महिन्यात आमच्याकडं इतके फोन आले, इतके पत्रकार. बरं वाटलं. पण राग आलेल्यातल्या किती जणांच्या पायात खरी कोल्हापुरी आहे हे विचारावंसं वाटतं, आणि हे मी टोचून बोलत नाही, मनापासनं विचारतोय.

खरी म्हणजे काय ते सांगतो. कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं. खिळा नाही, कातड्याच्याच वादीनं शिवलेली. पट्ट्यावरची वेणी बहुतेक घरात बायकाच घालतात, माझ्या आईची बोटं अजून त्यात चालतात, डोळ्याला दिसत नाही तरी. कापशी, कुरुंदवाडी, पुकरी, बक्कलनाळी ही नावं गावांवरनं, घडणीवरनं पडलेली. एक जोड म्हणजे कमावणारा, तळ कापणारा, वेणीवाली, शिवणारा, तेल लावून घासणारा. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. म्हणजे नाव वापरायचा हक्क आमचा झाला. पण बाजारात रेक्झीनच्या, मशीनवरच्या चपला त्याच नावानं तीनशेला मिळतात आणि गिऱ्हाईक आमच्याजवळ येऊन म्हणतं तिकडं तीनशेला आहे. मग दुकानदार आमच्याकडं कमी भावात मागतो. मग आम्ही तळ पातळ करतो. मग चप्पल टिकत नाही. मग लोक म्हणतात कोल्हापुरी आता पूर्वीसारखी राहिली नाही.

माझा पोरगा बारावीला आहे. हुशार आहे. त्याला मी ह्यात ये म्हणत नाही, येऊ नको असंही म्हणवत नाही.

हुपरीकर | रविवार, दुपारी ३.४०

पायताण भाऊ, शब्द न् शब्द आमचा. हुपरीत चांदीचं पण असंच. एका पैंजणाला गाळणारा वेगळा, तार ओढणारा, घुंगरू करणारा, जोडणारा, पॉलिशवाला, घराघरात. चांदीचा भाव चढला की मजुरी वाढत नाही, उलट आधी काम कमी होतं.

गुळव्याचा_नातू | रविवार, सायंकाळी ६.०५

अवांतर होईल पण लिहितोच. शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. त्याआधी माल होता, पेठ नव्हती. पेठ झाली, दलाल आले, हमाल आले, बैलगाड्यांना चाकं करणारे आले, खानावळी आल्या. शहर असं वाढलं.

आमचा आजा गुळव्या होता. काहिलीतला पाक किती चढला हे तो पाण्यात थेंब टाकून, बोटात धरून सांगायचा. एक मिनिट इकडं तिकडं झालं तर अख्खं आधण वाया. हे ज्ञान कुठल्या कॉलेजात मिळत नाही आणि आमच्या भागातली गुऱ्हाळं एकामागनं एक बंद पडली तसं ते गेलं. २०१४ ला कोल्हापुरी गुळाला जीआय मिळालं, पण बाजारात साखर मिसळलेला पिवळाधमक गूळ आधी खपतो, कारण गिऱ्हाईकाला रंग पायजे. काळपट चांगला गूळ मागे पडतो. मला वाटतं ह्यात धंदेवाल्याची जेवढी चूक तेवढीच आपली.

भवानीमंडप | रविवार, रात्री ८.४५

शाहू महाराजांचा विषय निघालाच तर सगळ्यात लहान धंद्याची गोष्ट राहून कशी जाईल. गंगाराम कांबळे. महाराजांच्या पागेत नोकरीला, पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी त्यांना भांडवल देऊन भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं, नाव सत्यसुधारक. सुरुवातीला दलित माणसाच्या हातचा चहा प्यायला कोण जाणार? तर महाराज स्वतः गाडी तिथं थांबवून चहा मागवायचे आणि बरोबरच्या अधिकाऱ्यांनाही पाजायचे. आदेश काढून जे झालं नसतं ते एका चहाच्या कपानं सुरू झालं.

ताईंनी विचारलं छोटा धंदा गावाला काय देतो. बसायला जागा देतो, एकमेकांसमोर. कुणाला बसू दिलं आणि कुणाला नाही हेही तिथंच ठरतं, म्हणून पुण्यातल्या भावाच्या आईची गोष्ट मला जास्त लागली. दुकान माणसाला मोठं करू शकतं तसं लहानही करतं.

कपिलतीर्थ_मंडई | सोमवार, सकाळी ७.१०

आमच्या आईचा भाजीचा ठेला, मी बी.कॉम. शेवटच्या वर्षाला. पहाटे भांडवलाला सावकाराकडनं ९०० घ्यायचे आणि संध्याकाळी १००० द्यायचे, असं आईनं कित्येक वर्षं केलं. दिवसाला शंभर. कुठल्या बँकेचं व्याज एवढं असतं?

२०२० ला लॉकडाऊननंतर स्वनिधीचे (फेरीवाल्यांसाठीचं सरकारी कर्ज) १०,००० मिळाले. फॉर्म मी भरला, चार चकरा झाल्या, पण मिळाले. वेळेवर फेडले मग २०,००० मिळाले. सावकार सुटला. एवढ्याशा रकमेनं काय होतं असं म्हणणाऱ्यांना सांगते, आईच्या हातात रोजचे शंभर रुपये राहिले. माझी फी त्यातनं गेली.

आणि एक विनंती. भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका असं सगळे म्हणतात, मी म्हणते करा, त्यात गप्पा होतात, आईला आवडतं. फक्त दोन रुपयांची मेथी घेऊन पाचशेची नोट काढू नका.

पेठेतला_राम | सोमवार, सकाळी ७.३०

दोन रुपयात मेथी कुठं मिळत्या?? पत्ता द्या.

कपिलतीर्थ_मंडई | सोमवार, सकाळी ७.३४

म्हणायची पद्धत ओ दादा. या तुम्ही, कोथिंबीर वर घालू.

कास्टिंगवाला | सोमवार, रात्री १०.१५

हिशेबनीस, एक विचारायचं होतं. आम्हाला खरं मारतंय ते मॉल नाही, थकलेलं पेमेंट. माल दिल्यावर नव्वद दिवस, कधी एकशेवीस. आम्ही खालच्या शेडवाल्याला आठवड्याला द्यायचे आणि वरचा आम्हाला चार महिन्यांनी. तो ४५ दिवसांचा नियम आला तेव्हा आशा वाटली होती.

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ९.२०

नियम असा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. पण व्याज मागणार कोण, मागितलं की गिऱ्हाईक जातं. म्हणून २०२३-२४ पासून आयकरात ४३बी(एच) हे कलम आणलं. घेणाऱ्यानं मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्याला प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो, म्हणजे तोवर त्यावर कर भरा. फक्त हे सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी, आणि उत्पादन किंवा सेवा देणाऱ्यांसाठी. नुसत्या व्यापाऱ्याला लागू नाही. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) मात्र पाहिजे.

कास्टिंगवाला | मंगळवार, दुपारी १.०५

बरोबर. आणि मग आमच्या एका कस्टमरनं काय सांगितलं, उद्यम नोंदणी रद्द करा नाहीतर दुसरा व्हेंडर बघतो. मी केली नाही. एका मित्रानं केली. त्याला मी दोष देत नाही, त्याच्याकडं सात माणसं आहेत.

पुण्यातला_कोल्हापूरकर | मंगळवार, रात्री ९.३०

हे मला माहीत नव्हतं. मी ज्या कंपनीत आहे तिथं पर्चेसला बसणारी माणसं माझ्याच मजल्यावर आहेत आणि पेमेंट पुढच्या क्वार्टरला ढकललं की त्यांचं कौतुक होतं. कास्टिंगवाले दादा, उद्या ऑफिसात मी जेवताना हा विषय काढणार आहे. काय होईल माहीत नाही.

माझ्या मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे, पण माझ्या दुकानमालकाला तरी पैसे वेळेवर मिळत होते का हे मी कधी बघितलं नव्हतं.

तिकटीकर | शुक्रवार, रात्री १०.००

सगळ्यांचे प्रतिसाद पोराला वाचायला दिले. पूरवाला त्यानं दोनदा वाचला. उत्तर काही दिलं नाही, पण काल लक्ष्मीपुरीतनं मिरचीचं पोतं आणायला गाडी काढून स्वतः गेला.

आता पुढचं. मागच्या बोळातल्या त्या चार बायका आणि मी काल काकींकडं जाऊन बसलो. डंक त्या चौघींनी बचत गटातनं चालवायला घ्यायचा, काकांनी बाजूला खुर्ची टाकून बसायचं आणि शिकवायचं, भाडं आणि कुटाईतला वाटा काकींना, असं बोलणं झालंय. ठरलेलं नाही. थ्री-फेज मीटर काकांच्या नावावर आहे, गाळा भाड्याचा आहे, मालकाशी बोलायचंय. आणि कुटाई किलोला जरा वाढवायला लागेल, ते गल्लीला पटेल का बघायचं. कागदपत्रांचं कुणी सांगेल का?

हिशेबनीस | शुक्रवार, रात्री १०.२५

उद्यम नोंदणी फुकट आहे, स्वतः ऑनलाईन करा, एजंटला पैसे देऊ नका. खाण्याचा पदार्थ विकताय म्हणून एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी लागेल, छोट्या उलाढालीला साधी नोंदणी चालते. भांडवल कमी पडलं तर मुद्रा या सरकारी योजनेचं शिशु कर्ज ५०,००० पर्यंत. मीटर लगेच नावावर करायची घाई नको, आधी गाळ्याचा भाडेकरार लेखी करा, मीटर त्याच्या मागनं येतो. कधीही या, माझी फी नको, चटणी द्या.

पुण्यातला_कोल्हापूरकर | शुक्रवार, रात्री १०.४०

ताई, एक सांगू? चौघींची रोजची मजुरी आधी ठरवा, कागदावर. मग कुटाईचा दर त्यावरनं काढा. उलटं करू नका. आणि मला तीन किलो लागेल, वाढलेल्या दरानं.

शाहूपुरी_कुंभारगल्ली | शुक्रवार, रात्री १०.५२

आमची पाच किलो. आणि देठ खुडायचं काम त्या आज्ज्यांकडंच राहू दे.

कास्टिंगवाला | शुक्रवार, रात्री ११.३०

मशीन किती जुनं आहे? मुसळांच्या टोकाचे लोखंडी बूट झिजले असतील तर चटणीत लोखंडाचा चुरा उतरतो. कुटून झाल्यावर चुंबक फिरवून बघा, काळं चिकटलं तर बदलायला झालेत. आणि हळकुंडाला ठोका जड लागतो, हळद कुटणार असाल तर त्याचं उखळ वेगळं ठेवा.

मी रविवारी सकाळी येतो. माप घेऊन बूट आमच्याकडं ओतून देतो, मजुरी नको. फक्त घाई करू नका ताई, पॅटर्नला आठ दिवस लागतील.